नळी सांगेल ती गोळी: ठासणीच्या रायफलने हरणाची शिकार करताना

पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की दुसऱ्या दिवशी चकमकीच्या बंदुकांचा हंगाम उघडतो. १९७४ साली सुरू झालेला हा हंगाम फक्त ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, आणि गारगोटीच्या ठिणगीवर पेट घेणाऱ्या बंदुकांसाठी राखलेला आहे. दुर्बीण नाही, काडतूस नाही, नेम चुकला तर लगेच दुसरा बार नाही. झाडांची पानं गळालेली असतात आणि पायाखालचं बर्फ करकरत असतं. आधीच्या रायफल-हंगामात बुजलेली हरणं जरा चाहूल लागली की पांढरी शेपटी उभारून पसार होतात. अशा वेळी तुमच्या नळीत एकच गोळी असते. ती कशी निवडायची, ते इथे क्रमाने सांगतो.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. पिकात रानडुकरं शिरू नयेत म्हणून तिथे अनेक घरांत परवान्याची ठासणीची बंदूक असायची. गज (ठासायची सळई), रंजक (ठिणगी झेलणारी बारीक दारू), बार, छर्रे हे शब्द मी तिथे शिकलो आणि अमेरिकेत आल्यावर त्यांना पुन्हा काम मिळालं. पण आधीच स्पष्ट सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, मग ते चितळ असो, सांबर असो की भेकर. हा लेख अमेरिकेत हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करून, परवाना काढून, हंगामात शिकार करणाऱ्यांसाठी आहे. व्हिसावर असाल, तर बंदूक हाती घेण्याआधी आपल्याला ती बाळगायला परवानगी आहे का, हे वकिलाकडून समजून घ्या.

आधी राज्याची नियमपुस्तिका

दुकानात जायच्या आधी नियम वाचा, कारण निम्मी निवड तिथेच होते. पेनसिल्व्हेनियाच्या चकमक हंगामात रायफल किमान ४४ कॅलिबरची, म्हणजे ०.४४ इंच व्यासाची लागते, आणि एका बाराला एकच गोळी चालते. कोलोरॅडोत हरणासाठी किमान ४० कॅलिबर पुरतं, पण ४० ते ५० कॅलिबरमध्ये गोळीचं वजन किमान १७० ग्रेन (सुमारे ११ ग्रॅम) हवं, गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको, आणि प्लास्टिकच्या टोपीतली सॅबो गोळी चालत नाही. आता हे दोन्ही नियम एकत्र ठेवून पाहा. ४५ कॅलिबरची गोल गोळी साधारण १२८ ग्रेन भरते. म्हणजे ४५ ची रायफल कोलोरॅडोत कायदेशीर, पण तिची गोल गोळी बेकायदेशीर! ती वापरायची तर जड, लांबट गोळी घ्यावी लागेल, आणि ती त्या नळीला मानवेलच असं नाही. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. हे नियम दर हंगामाला नव्याने पाहावेत.

मग नळीचा पीळ मोजा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. बहुतेक जण गोळीपासून सुरुवात करतात. कुणीतरी सांगतं, डब्यावर हरणाचं चित्र असतं, आपण घेऊन येतो. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. माझी ५० कॅलिबरची रायफल, तिच्या नळीत कोरलेल्या आट्यांचा पीळ ६६ इंचांत एक फेरा, आणि मी आणल्या जड, लांबट गोळ्या. पन्नास यार्डांवरच्या कागदावर गोल भोकांऐवजी आडवी, लांबुडकी भोकं पडली. गोळ्या हवेत कोलांट्या खात जात होत्या. रायफलचा दोष नव्हता, निवड माझी चुकली होती.

नळीच्या आत कोरलेले आटे गोळीला फिरकी देतात, आणि फिरकीमुळे गोळी हवेत स्थिर राहते. लांब गोळीला फिरकी जास्त लागते, आखूड गोळीला कमी. वूलिचला गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी सोपं सूत्र दिलं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. गोल गोळीची लांबी म्हणजे तिचा व्यासच. म्हणून अर्ध्या इंचाच्या गोल गोळीला ७५ इंचांत एक फेरा पुरतो. त्याच व्यासाची एक इंच लांब गोळी घेतली, तर साडेसदतीस इंचांत एक फेरा लागतो. माझ्या ६६ इंची पिळाला ती गोळी का झेपली नाही, हे या दोन ओळींच्या हिशेबात कळतं.

बाजारातल्या रायफलींचा पीळ ठरलेला असतो. लायमनच्या ग्रेट प्लेन्स रायफलचा ६० इंचांत एक फेरा, म्हणजे ती गोल गोळीसाठीच घडवलेली. तिचीच बहीण ग्रेट प्लेन्स हंटर, तिचा ३२ इंचांत एक, म्हणजे लांबट गोळीसाठी. थॉम्पसन सेंटरच्या हॉकनचा ४८ इंचांत एक. हा मधला मार्ग आहे: गोल गोळी बेताच्या दारूवर छान जाते आणि आखूड घाटाची लांबट गोळीही चालते. पिळाबरोबर आट्यांची खोलीही पाहा. गोल गोळीच्या नळीत आटे खोल असतात, कारण गोळीभोवतीच्या कापडी चिंधीला त्यात रुतून बसायला जागा हवी.

जुनी किंवा सेकंडहँड रायफल असेल आणि पीळ माहीत नसेल, तर घरी मोजता येतो. आधी नळी रिकामी असल्याची खात्री करा. गज आत सोडा आणि तो नळीच्या बुडाजवळच्या भोकापर्यंत पोहोचतो का, हे बाहेरून नळीला लावून ताडून पाहा. भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बंदुका खरोखर सापडतात. मग मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो तळापर्यंत ढकला. गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करा, वरच्या बाजूला उभी रेघ मारा, आणि सावकाश ओढा. रेघ पाव फेरा फिरली की थांबा, किती इंच बाहेर आलं ते मोजा, चारने गुणा. सोळा-साडेसोळा इंच आले, तर पीळ ६४ ते ६६.

पीळ ६० किंवा त्याच्या पुढे असेल, तर गोल गोळी. ३२ किंवा त्याहून कमी असेल, तर लांबट. ४८ असेल, तर दोन्ही आणून निशाण्याच्या मैदानावर जा.

गोल गोळी: माझं मत हिच्या बाजूने

मऊ शिशाची गोल गोळी, तिच्याभोवती चरबी लावलेली सुती चिंधी. लँकेस्टरच्या आसपासच्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात घडवलेल्या लांब रायफली याच जोडीवर चालत. त्यांनी युरोपातल्या जाड नळीच्या याएगर (जर्मन शिकारी) रायफली बारीक आणि लांब केल्या, म्हणजे शिसं आणि दारू दोन्ही वाचे. पुढे सेंट लुईसच्या हॉकन बंधूंनी पश्चिमेकडच्या मोठ्या जनावरांसाठी नळीचा व्यास पुन्हा वाढवला. गोल गोळीला ताकद हवी असेल तर व्यास वाढवण्यावाचून मार्ग नाही, कारण तिला लांब करता येत नाही.

व्यास थोडा वाढला तरी वजन किती वाढतं ते पाहा. ४५ कॅलिबरला ०.४४० इंचाची गोळी लागते, वजन १२८ ग्रेन. ५० ला ०.४९०, वजन १७७. ५४ ला ०.५३०, वजन २२४. ५८ ला ०.५७०, वजन सुमारे २७८ ग्रेन, म्हणजे अठरा ग्रॅम. ४५ वरून ५४ वर गेलं की व्यास वीस टक्के वाढतो आणि वजन पंचाहत्तर टक्के. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला जवळून ४५ पुरते, पण चुकीला वाव फार थोडा राहतो. नवख्या माणसाला मी ५० सांगतो. ज्याचा खांदा सोसतो, त्याला ५४.

गोल गोळीचा एक दोष मान्य करायलाच हवा: ती हवेत फार लवकर दमते. ५० ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,७५० फूट वेगाने निघाली, तर शंभर यार्डांवर तो वेग हजाराच्या आसपास आलेला असतो. मारा करण्याची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून तिथे ती सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्शावर येते. पन्नास यार्डांवर नेम बसवलेला असेल, तर शंभरावर गोळी पाचेक इंच खाली लागते. आणि वाऱ्याचं काय? ताशी दहा मैलांचा आडवा वारा पन्नास यार्डांवर गोळीला दोन इंच सरकवतो, शंभरावर मात्र नऊ-दहा. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम आठ इंचांचा. म्हणजे केवळ वाऱ्यानेच नेम मर्माबाहेर जातो.

म्हणून गोल गोळी निवडणं म्हणजे अंतराची मर्यादा स्वीकारणं. पंचाहत्तर यार्डांच्या आत, आडव्या उभ्या हरणाच्या खांद्यामागे लागलेली ५० ची मऊ गोळी दोन्ही फुप्फुसं भेदते. बऱ्याचदा ती पलीकडून बाहेर पडते, कधी पलीकडच्या कातड्याखाली चपटी झालेली सापडते. हरीण तरीही पन्नास-शंभर यार्ड धावतं. ही गोळी वेगवान रायफलसारखा धक्का देत नाही, ती भोक पाडते आणि रक्त वाहून जातं. बार टाकल्यावर धुरातून काही दिसत नाही. जागेवर थांबा, हरीण कुठे उभं होतं तिथलं एक झाड डोळ्यांत धरून ठेवा, अर्धा तास जाऊ द्या, मग माग काढा.

चिंधी आणि गोळीचा मेळ

गोळी नळीपेक्षा साधारण ०.०१० इंचाने लहान घ्यावी, म्हणजे ५० ला ०.४९०. उरलेली जागा चिंधी भरते. उशीच्या अभ्र्याचं घट्ट विणलेलं सुती कापड, जाडी ०.०१५ ते ०.०१८ इंच, ही चांगली सुरुवात. पॉलिस्टर मिसळलेलं कापड नको, ते वितळून नळीला चिकटतं. चिंधीला मेण आणि मेंढीची चरबी, किंवा मेण आणि ऑलिव्ह तेल लावा. खनिज तेल काळ्या दारूबरोबर जळून डांबरासारखा थर करतं.

आता खरी परीक्षा: बार टाकल्यावर पडलेल्या चिंध्या गोळा करा. त्या नळीपुढे दहा-पंधरा यार्डांत सापडतात. ही सवय लावून घेतली, तर महागड्या कुठल्याही साधनापेक्षा जास्त कळतं. मधोमध काळपट वर्तुळ आणि कडा शाबूत असतील, तर मेळ उत्तम. जळून भोक पडलं असेल, तर गरम वायू बाजूने निसटतोय: कापड जाड घ्या किंवा गोळी ०.४९५ ची घ्या. आट्यांच्या ओळीत कापल्यासारख्या चिरा असतील, तर नळीच्या कडा धारदार आहेत. नव्या नळीत हे होतंच, शंभरेक बारांनी त्या मवाळ होतात. चिंधीच्या नुसत्या चिंधड्या सापडल्या, तर कापड किंवा चरबी बदला, आणि तोवर दारू वाढवू नका.

ओतीव गोळीवर साच्याच्या तोंडाची छोटी चपटी खूण असते. ती वर, नळीच्या बरोबर मधोमध येईल अशी ठेवून गोळी ठासा. दरवेळी एकसारखी.

लांबट गोळी कधी?

नळी वेगवान पिळाची असेल, किंवा तुमच्या राज्याचा वजनाचा नियम गोल गोळीला आड येत असेल, तेव्हा. हिला चिंधी लागत नाही, आट्यांचे ठसे थेट शिशावर उमटतात. थॉम्पसन सेंटरची मॅक्सी-बॉल किंवा ली कंपनीची ‘रीअल’ गोळी ठासतानाच आट्यांत रुतते. हॉर्नाडीच्या ३८५ ग्रेनच्या ग्रेट प्लेन्स गोळीचं बूड पोकळ असतं आणि दारू पेटल्यावर ते फुलून आट्यांत बसतं. ही कल्पना फ्रेंच कॅप्टन मिनिए यांच्या गोळीची. आपल्या १८५७ च्या उठावात ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून ठिणगी पडली, त्या एनफील्ड रायफलींची गोळी याच कुळातली होती. काळी दारू इतकी काजळी धरते की वंगणाशिवाय दुसरा बार ठासता येत नाही, चरबीची गरज तिथून आली.

लांबट गोळी वेग टिकवून धरते आणि खोल जाते. पण ३८५ ग्रेनची गोळी हलक्या हॉकन-घाटाच्या रायफलीतून झाडली की खांद्याला चांगलाच दणका बसतो, आणि त्या दणक्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. हरणासाठी एवढ्या वजनाची गरजही नाही. ४८ इंची पिळाला आखूड, हलकी लांबट गोळी बरी.

हिचा एक धोका नीट समजून घ्या. चिंधी नसल्यामुळे नळीचं तोंड खाली करून चालताना ही गोळी दारूवरून पुढे घसरू शकते. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली, तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून दिवसभरात मधूनमधून गज सोडून पाहा. त्यासाठी दारू आणि गोळी पूर्ण बसल्यावर नळीच्या तोंडाशी गजावर कायमची खूण करून ठेवलेली हवी. गोल गोळीलाही हीच खूण लागते. ती तपासल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

शिसं मऊच हवं

गोळी कुठलीही असो, शिसं शुद्ध हवं. शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो. गाड्यांच्या चाकांची जुनी वजनं वितळवून केलेल्या गोळ्या कडक होतात, कारण त्यात अँटिमनी असतं. चिंधीतली कडक गोल गोळी कागदावर छान जाईल, पण हरणात ती पसरणार नाही. लांबट गोळी कडक असेल, तर ती ठासलीच जाणार नाही. घरी ओतणार असाल तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून ओता. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात घामाचा किंवा पावसाचा एक थेंब पडला, तरी वाफ होऊन वितळलेलं शिसं अंगावर उडतं. नंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. मुलं असलेल्या घरात तयार गोळ्यांचा डबा आणणं मला अधिक पटतं.

हरणाचं मटण घरात शिजणार असतं, तेव्हा शिशाच्या तुकड्यांचा प्रश्न येतोच. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याने २००८ मध्ये मेंढ्यांच्या मृत शरीरांवर चाचणी केली. त्यात ठासणीच्या गोळ्यांचे तुकडे वेगवान रायफलच्या गोळ्यांपेक्षा खूप कमी विखुरलेले दिसले. तरीही जखमेभोवतीचं मांस मोकळ्या हाताने कापून टाका आणि आतडी पुरून टाका. रानात टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन गरुड आणि कॅलिफोर्नियाचे कॉन्डॉर मरतात. डायक्लोफिनॅकने आपली गिधाडं कशी गेली, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. शिसं टाळायचं असेल, तर बिस्मथच्या मिश्रधातूच्या गोल गोळ्या मिळतात. त्या कडक असतात, म्हणून चिंधीचा मेळ नव्याने जमवावा लागतो.

शेवटी मैदान

नियम, पीळ आणि गोळी या तीन गोष्टी ठरल्या की निवड कागदावरून मैदानावर न्या. फक्त काळी दारू वापरा, किंवा रायफल बनवणाऱ्याने मान्य केलेला तिचा पर्याय. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू ठासणीच्या नळीत घातली, तर नळी फुटते. चकमकीला खरी काळी दारूच बरी, पर्यायी दारू ठिणगीवर सहज पेटत नाही. ५० ची गोल गोळी असेल, तर मापाने ५० ग्रेन टू-एफपासून (एफ जितके जास्त, तितका दारूचा दाणा बारीक) सुरुवात करा आणि पाच-पाचने वाढवा. रायफलच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडू नका. दारू डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका, नेहमी मापाच्या भांड्यातून. प्रत्येक बारानंतर नळीतून ओलसर चिंधी फिरवा, नाहीतर काजळीमुळे प्रत्येक बार वेगळा जातो.

प्रत्येक मापाला पाच-पाच बार, पन्नास यार्डांवर, टेकू घेऊन. एकदाच काहीतरी बदला: दारू बदलली तर चिंधी तीच, चिंधी बदलली तर दारू तीच. बार वाढवत गेलात की एका मापावर भोकं गोळा होतात, त्याच्या पुढे पुन्हा विखुरतात. गोळा झाली तिथे थांबा. सगळ्यात वेगवान बार शोधायची गरज नाही.

मग टेकू सोडा. उभ्याने आणि गुडघ्यावर बसून, जेवणाच्या कागदी थाळीवर पाच बार टाका. ज्या अंतरावर पाचही थाळीत बसतात, ते तुमचं शिकारीचं अंतर. माझं ते साठ यार्ड आहे. एकदा मी ते मोडलं. शंभराच्या पुढे उभ्या असलेल्या मादीवर बार टाकला, गोळी मागे लागली, आणि रात्र झाली तरी माग संपेना. सकाळी ती ओढ्याकाठी सापडली. ती रात्र तिने कशी काढली असेल, हे मनातून जात नाही. त्यानंतर साठच्या पुढचा बार मी टाकलेला नाही.

जे जमलं ते वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीतलं पान असं आहे: ५० कॅलिबर, पीळ ६६. गोळी ०.४९०, शुद्ध शिसं. चिंधी ०.०१८, मेण आणि मेंढीची चरबी. दारू ७५ ग्रेन टू-एफ, रंजक फोर-एफ. पन्नास यार्डांवर पाच बार अडीच इंचांत. गजाची खूण ताजी. गारगोटी डिसेंबरात बदलली.